चॅसिसवरचा क्रमांक आणि ट्रंकेतला कागद : साताऱ्यातील एका जुन्या जीपच्या अस्सलपणाची तपासणी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी पावसाळ्याच्या शेवटी मला फोन केला, तेव्हा त्यांचा जीपचा व्यवहार जवळजवळ पूर्ण झालेला होता. इसार दिला गेला होता, इसारपावती लिहून झाली होती आणि उरलेली रक्कम दसऱ्याला देऊन गाडी दारात आणायची, एवढेच बाकी होते. त्यांच्या मेहुण्यांनी मात्र हट्ट धरला की एवढे पैसे मोजायचे, तर गाडी आधी कोणा जाणकाराच्या नजरेखालून जायला हवी. मी साताऱ्यात राहतो. तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल विषय शिकवण्यात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर जुन्या गाड्या तपासून लेखी अभिप्राय देण्याचे काम मी करतो. गाडी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये उभी होती. तिची तपासणी तीन दिवस चालली आणि चौथा दिवस एका गावात गेला. त्या चार दिवसांत काय दिसले, कोणत्या क्रमाने दिसले आणि कशावरून कोणता निष्कर्ष काढला, याची ही नोंद आहे. नावे आणि पूर्ण क्रमांक मुद्दाम दिलेले नाहीत.

गाडीबद्दलचा दावा असा होता. ही १९४३ सालची फोर्ड जीपीडब्ल्यू आहे. तिचे इंजिन आणि चॅसिस कारखान्यातून निघाले तेव्हापासून एकत्र आहेत, म्हणजे दोन्हींवर एकच क्रमांक आहे. ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर धावलेली आहे. आणि लष्कराने विकल्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या एकाच सैनिकी घराण्याकडे ती सत्तर वर्षे होती. विक्रेते हे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे मध्यस्थ होते. खरेदीदारांना यातली एकाच क्रमांकाची गोष्ट सर्वांत मोलाची वाटत होती आणि मागितलेली किंमतही मुख्यतः त्या एका गोष्टीवर उभी होती. नव्या नियमांनुसार गाडीला व्हिंटेज नोंदणीचा ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळेल, असेही त्यांना सांगण्यात आले होते.

एक क्रमांक म्हणजे अस्सलपणाचा पुरावा, हे समीकरण या जीपच्या बाबतीत नेमके कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने विलीस-ओव्हरलँडचा आराखडा प्रमाण मानला. पण एका कारखान्याला एवढी मागणी पुरी करता येणार नव्हती, म्हणून त्याच आराखड्यावरून फोर्डलाही जीप बनवण्याचे काम देण्यात आले. विलीसच्या गाडीचे नाव एमबी आणि फोर्डच्या गाडीचे जीपीडब्ल्यू. त्यातला जी हा सरकारी कामासाठी, पी हा ८० इंच व्हीलबेसच्या टेहळणी गाडीसाठी आणि डब्ल्यू हा विलीसच्या आराखड्यासाठी. १९४५ पर्यंत विलीसने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या. दोन्हींत तेच २१९९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते आणि एका कंपनीचा सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसलाच पाहिजे, अशी सैन्याची अट होती. रणांगणावर ही अट वरदान ठरली. आज अस्सलपणा ठरवणाऱ्याचे काम तिनेच अवघड करून ठेवले आहे.

दोन कारखान्यांच्या क्रमांक देण्याच्या पद्धती मात्र वेगळ्या होत्या, आणि या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. फोर्ड जो क्रमांक इंजिनवर ठोकत असे, तोच चॅसिसच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनच्या पुढच्या माउंटिंगजवळ ठोकत असे. विलीसमध्ये चॅसिसचा क्रमांक एका लहान पत्र्यावर असे आणि तो पत्रा डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या लगेच मागे, रिव्हेटने बसवलेला असे. इंजिनचा क्रमांक ऑइल फिल्टरच्या मागच्या उंचवट्यावर असे आणि हे दोन क्रमांक मुळातच एकमेकांशी जुळत नसत. म्हणजे फोर्डच्या जीपचे दोन क्रमांक वेगळे निघाले तर काहीतरी बदलले आहे असे म्हणता येते. विलीसच्या जीपचे दोन क्रमांक एकच निघाले, तर उलट तेच संशयाचे कारण ठरते.

पहिल्या दिवशी मी कोणत्याही क्रमांकाकडे पाहिले नाही. ही माझी जुनी सवय आहे. क्रमांक आधी पाहिला की पुढचे सगळे डोळे त्याच्याशी जुळवून घेऊ लागतात. गाडीचा एकूण बांधा पाहिला, फोटो काढले आणि बॉडीचा विषय अर्ध्या तासात संपवला. पुढची जाळी नऊ फटींची होती, हेडलॅम्प बिजागरीवर मागे वळत होते, मागे फळका नव्हता, डाव्या अंगाला फावडे आणि कुऱ्हाड अडकवण्याची सोय होती. म्हणजे दिसायला सगळे युद्धकालीन ‘लो बॉनेट’ जीपसारखेच. पण कापडात गुंडाळलेले चुंबक फिरवल्यावर ते सगळीकडे सारखेच चिकटत गेले. ऐंशी वर्षांच्या पत्र्यावर जागोजाग पुट्टी आणि ठिगळे असायला हवी होती, त्यातले काहीच नव्हते. फरशीखालच्या आधारपट्ट्यांमध्ये मूळ बॉडीला लाकडी पट्ट्या भरलेल्या असत आणि पाणी धरून पत्रा तिथूनच कुजत असे. इथे त्या पट्ट्या पोकळ आणि कोऱ्या होत्या. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी अशा नव्या बॉडी बनवून मिळतात आणि तसे उघड सांगून बसवली, तर त्यात गैर काहीच नाही. इथे मात्र मागच्या पत्र्यावर फोर्डचे नाव उठावात होते. कारखान्याचे नाव बॉडीवर उठवण्याची पद्धत १९४२ च्या मध्यानंतर बंद झाली होती, त्यामुळे १९४३ ची म्हणवणाऱ्या गाडीवर ते नाव असणे हीच विसंगती होती. नाव उठवून घेणाऱ्याला फोर्डची खूण माहीत होती. तिचा काळ माहीत नव्हता.

फोर्डच्या बोल्टांचीही हीच तऱ्हा. फोर्ड आपल्या भागांवर आणि बोल्टांच्या माथ्यांवर लपेटीदार ‘एफ’ अक्षर उठवत असे आणि संग्राहक हे अक्षर फार प्रेमाने शोधतात. या गाडीवर असे अकरा बोल्ट मी मोजले. अकराही बोनेट उघडल्यावर पहिल्या नजरेत येणाऱ्या जागी होते, अकराही नवे होते. अडचणीच्या जागी, जिथे पाना पोचवायला अर्धा दिवस जातो, तिथे एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली आणि आम्ही खाली शिरलो. शेडमधल्या मिस्त्रींनी या कामात मला मनापासून मदत केली. पहिला प्रश्न असा होता की खालचा सांगाडा युद्धकालीन जीपचा आहे, की युद्धानंतरच्या नागरी जीपचा. आपल्याकडे महिंद्राने विलीसच्या नागरी जीप आधी जुळवल्या आणि नंतर इथेच बनवल्या, त्यामुळे त्यांचे सांगाडे आणि सुटे भाग गावोगावी सापडतात आणि बनावट ‘मिलिटरी जीप’ बहुधा त्यांच्यावरच उभी राहते. यासाठी मी मागच्या आसापासून सुरुवात केली. चाकाच्या मध्यभागी बोल्टांनी आवळलेली गोल चकती होती. म्हणजे आस फुल-फ्लोटिंग प्रकारचा, ज्यात गाडीचे वजन फिरत्या दांड्यावर न येता बाहेरच्या नळीवर येते, जसा युद्धकालीन गाडीला असे. नंतरच्या नागरी सीजे-२एला सेमी-फ्लोटिंग आस आला. पण आस बाहेरून बदलता येतो, म्हणून आतल्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दातेरी जोडीचे, दातेही मोजले. युद्धकालीन जीपमध्ये त्यांचे दाते ३९ आणि ८, नागरी जीपमध्ये ४३ आणि ८. हे दाते मोजण्यासाठी डिफरन्शियल उघडावे लागत नाही. ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी, न्यूट्रलला ठेवली, प्रॉपेलर शाफ्टवर आणि दोन्ही टायरांवर खडूची खूण केली, एका चाकाशी मिस्त्री आणि दुसऱ्या चाकाशी त्यांचा मुलगा उभा राहिला आणि दोघांनी दोन्ही चाके एकाच वेळी, एकाच दिशेने बरोबर दहा फेरे फिरवली. शाफ्टने एकोणपन्नासाला किंचित कमी फेरे घेतले. नागरी जीप असती, तर ते चोपन्नाच्या जवळ गेले असते. आम्ही हे तीनदा केले आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आले.

खालची गाडी खरोखरच जुनी होती. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो आहे, कारण वरची नवी बॉडी आणि नवे बोल्ट पाहून मी स्वतः पहिल्या दिवशी मनाशी ‘सगळेच बनावट’ असा निकाल देण्याच्या बेतात होतो, आणि तो निकाल चुकीचा ठरला असता.

मग चॅसिस. रेडिएटरच्या खाली, दोन्ही पट्ट्यांना जोडणारा सर्वांत पुढचा आडवा दांडा हा फोर्ड आणि विलीस यांच्यातला सर्वांत भरवशाचा फरक आहे. विलीसचा तो दांडा गोल नळीचा असे, तर फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा, चौकोनी छेदाचा. हा भाग दोन्ही पट्ट्यांत घट्ट बसलेला असतो आणि तो बदलायचा तर चॅसिसची रेषाच बिघडते, म्हणून तो सहसा कोणी बदलत नाही. मी हात घातला. नळी गोल होती. जोडाजवळचा गंज, रिव्हेट, पट्टीची जाडी, सगळे एका वयाचे होते. चॅसिस विलीसचे होते.

एवढे झाल्यावरच मी क्रमांकाकडे वळलो. डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, फोर्डने जिथे ठोकला असता तिथेच, तो होता: जीपीडब्ल्यू आणि पुढे सहा अंक. रंगाचा थर जाड होता. विक्रेत्यांची लेखी संमती घेऊन तळहाताएवढ्या जागेतला रंग द्रावकाने काढला. खरवडले काहीही नाही, कारण खरवडल्यावर पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो. भिंगाखाली पट्टीचा पृष्ठभाग देवीच्या व्रणांसारखा गंजाच्या खळग्यांनी भरलेला दिसला, जसा तो या वयाच्या पोलादाचा असायला हवा. प्रश्न खळग्यांचा आणि अंकांच्या रेषांचा परस्परसंबंध काय, हा होता. अंक ऐंशी वर्षांपूर्वी ठोकलेले असते, तर गंजाने पट्टीबरोबर त्यांनाही खाल्ले असते. कडा बोथट झाल्या असत्या, एखादा खळगा अंकाच्या रेषेत घुसून तिला तोडून गेला असता. इथे उलटे होते. अंकांच्या रेषा खळग्यांना छेदून जात होत्या. एका खळग्याच्या तळाशीसुद्धा पंचाच्या, म्हणजे अंक ठोकण्याच्या ठशाच्या, पात्याची धार स्वच्छ उमटलेली होती. आधी गंज चढला आणि नंतर क्रमांक ठोकला गेला, याहून स्पष्ट शब्दांत धातू बोलू शकत नाही. शिवाय अंकांवर नव्या बॉडीच्याच रंगाचा एकमेव थर होता, त्याखाली जुन्या रंगाचा मागमूस नव्हता.

त्या क्रमांकातल्या ‘७’ चा पाय टोकाला तुटलेला होता, म्हणजे ज्या पंचाने तो ठोकला त्या पंचाचाच तुकडा उडालेला असणार. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावर माहितीचे तीन पत्रे असतात. तसे पत्रे आज नव्याने बनवून मिळतात आणि या गाडीवरचे पत्रे नवेच होते. त्यांतल्या एकावर ठोकलेल्या क्रमांकातही ‘७’ होता आणि त्याचाही पाय त्याच ठिकाणी तुटलेला होता. दोन्हींचे मी पेन्सिल प्रिंट घेतले, जसे आरटीओच्या कामासाठी घेतात, आणि एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. ते तंतोतंत बसले. चॅसिसवरचा क्रमांक आणि डॅशबोर्डवरचा पत्रा एकाच पंचाने, म्हणजे बहुधा एकाच हाताने झालेले होते.

इंजिनवरचा क्रमांक मात्र खरा होता. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत फोर्डचा जीपीडब्ल्यू ६०१५ हा भागक्रमांक होता, उंचवट्यावरच्या ठोकीव अंकांच्या कडा झिजलेल्या होत्या, त्यांचा घाट चॅसिसवरच्या अंकांपेक्षा वेगळा होता आणि त्यांच्या आत जुन्या रंगाचे दोन थर अडकून राहिले होते. म्हणजे फोर्डचे खरे इंजिन, विलीसचे खरे चॅसिस, आणि त्या चॅसिसवर इंजिनचा क्रमांक अलीकडे उतरवून ठोकलेला.

मग विलीसचा स्वतःचा पत्रा कुठे गेला? बंपरच्या मागे, डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला आरसा धरून पाहिले. रिव्हेटची भोके होती, धातूपुरकाने बुजवून रंगवलेली. भोकांच्या भोवती, पत्र्याच्या आकाराएवढा आयत आजूबाजूपेक्षा कमी गंजलेला होता, कारण इतकी वर्षे त्याला पत्र्याचे झाकण होते. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे राहणाऱ्या उजळ चौकोनासारखा तो आयत दिसत होता. या तपासणीत मला सर्वांत जास्त वाईट तिथे वाटले. ज्याच्यावर या गाडीची खरी ओळख लिहिलेली होती, तोच तुकडा कोणीतरी छिन्नीने उडवला होता.

तिसरा दिवस बारीकसारीक नोंदींचा होता. उजव्या पट्टीवर हाताने पाडलेली आणि नंतर बुजवलेली चार भोके सापडली. त्यांवरून ही मूळची डाव्या स्टिअरिंगची गाडी भारतात कधीतरी उजवीकडे वळवली गेली होती आणि आता पुन्हा डावीकडे आणली होती, हे कळले. सहा व्होल्टची वीजव्यवस्था बारावर नेलेली होती. आणि मागच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यांत, जिथे पाण्याची नळी पोचत नाही, तिथे वाळलेला काळा, तलम गाळ बोटभर साचलेला होता. साताऱ्याच्या माळावर छपराखाली उभ्या असलेल्या गाडीत असा गाळ येत नाही. कृष्णेच्या पुराचा गाळ ज्याने सांगलीत घरातून उपसला आहे, त्याला तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खरेदीदारांनी तो बोटांत चोळला आणि म्हणाले, “सर, हा आमच्याकडचा आहे.” विक्रेत्यांना विचारल्यावर त्यांनी मान्य केले की गाडी २०१८ मध्ये त्यांच्या ताब्यात आली, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या गोडाऊनमध्ये ती पाण्याखाली होती आणि जुनी बॉडी त्यानंतर भंगारात गेली. हे त्यांनी खरेदीदारांना आधी सांगितलेले नव्हते. क्रमांकाबद्दल मात्र ते म्हणाले की तो आरसी बुकाप्रमाणेच आहे.

आरसी बुकाची प्रत पाहिली आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. जुन्या हस्तलिखित नोंदीत इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक या दोन्ही रकान्यांत तोच जीपीडब्ल्यूचा क्रमांक होता. आता चॅसिस विलीसचे असल्याचे धातू सांगत होता आणि ते फोर्डचे असल्याचे सरकारी कागद सांगत होता. एवढ्यावर अभिप्राय देणे मला योग्य वाटले नाही. ज्या घरातून गाडी निघाली, ते घर पाहणे आवश्यक होते.

सातारा तालुक्यातले अपशिंगे हे गाव घराघरातून सैनिक देणारे म्हणून ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. हे घर त्याच परिसरातल्या एका गावात होते. गाडी घेणारे आबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जाऊनही बराच काळ झाला. घरी त्यांची पत्नी, म्हणजे आजी, आणि शेती पाहणारा नातू भेटले. नव्वदच्या दशकापासून गाडी गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी होती, घर बांधायला पैसे हवे होते म्हणून स्टॅम्प पेपरवर लिहून देऊन ती विकली, पण आरसीवर नाव अजून आबांचेच आहे, असे नातवाने सांगितले. चॅसिसवरच्या नव्या क्रमांकाचे फोटो मी त्याला दाखवले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. गाडी कागदोपत्री अजून आपल्याच घराची आहे, याचा अर्थ काय होऊ शकतो, हे त्याच्या लगेच लक्षात आले.

आजींना मी गाडीबद्दल काय आठवते ते विचारले. त्या म्हणाल्या, “ह्ये म्हणायचे, हिचं काळीज फोर्डाचं हाय आन् हाडं दुसऱ्याची.” माझ्या तीन दिवसांच्या तपासणीचा निष्कर्ष त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. ब्रह्मदेशाबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, “गाडी कुठं लढली ते आमास्नी काय ठावं? ह्यांनी लिलावात घेतली येवढं खरं.” मग त्यांनी नातवाला ट्रंक उघडायला सांगितली. आबांची पदके, पेन्शनची कागदपत्रे आणि एका रुमालात बांधलेले गाडीचे कागद होते. त्यात लष्करी डिस्पोजलच्या लिलावातला, १९५० सालचा, टंकलिखित सुटकेचा कागद, म्हणजे गाडी लष्कराने सोडल्याचा दाखला, होता. गाडीचे वर्णन लष्करी भाषेत होते: कार, ५ हंड्रेडवेट, ४×४. इंजिन क्रमांकापुढे जीपीडब्ल्यूचा तोच क्रमांक होता. चॅसिस क्रमांकापुढे एमबी आणि दोन लाखांच्या पुढचा एक वेगळाच क्रमांक होता, जो विलीसच्या क्रमवारीत १९४३ च्या सुमाराचा ठरतो.

त्या कागदाने सगळे जागेवर बसले. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिन उतरवून दुरुस्त केलेले दुसरे चढवणे ही नित्याची गोष्ट होती आणि दोन्ही कंपन्यांची इंजिने परस्परांच्या गाड्यांना बसत असल्याने कोणाचे कोणाला लागले याची फिकीर कोणी करत नसे. या जीपला फोर्डचे इंजिन आबांनी ती घेण्याआधीच लागलेले होते. पुढे नोंदणीच्या वेळी ज्याने गाडी पाहिली, त्याला बोनेट उघडताच इंजिनचा क्रमांक दिसला असावा आणि बंपरमागचा चिखलाने भरलेला पत्रा दिसला नसावा. त्याने एकच क्रमांक दोन्ही रकान्यांत लिहिला. हा भाग माझा तर्क आहे आणि अभिप्रायातही मी तो तर्क म्हणूनच लिहिला आहे. ती चूक निष्पाप होती आणि सत्तर वर्षे तिने कोणाचे नुकसान केले नाही. गाडी विकायला निघाली तेव्हा आरसीवरचा क्रमांक चॅसिसवर सापडेना. त्या वेळी सुटकेचा कागद शोधून आरसीतली चूक दुरुस्त करून घेण्याचा मार्ग मोकळा होता. तसे न करता कागदाशी जुळावे म्हणून धातू बदलण्यात आला, आणि त्यातून ‘एकच क्रमांक’ हा विक्रीचा मोठा मुद्दाही आयता मिळाला.

अभिप्राय मी सात पानांचा दिला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा: ही फोर्ड जीपीडब्ल्यू नाही. १९४३ च्या सुमाराचे मूळ विलीस एमबी चॅसिस, युद्धकालीन आस, १९५० पूर्वी बदललेले फोर्डचे मूळ इंजिन आणि २०१९ नंतर बसवलेली नवी बॉडी यांची ती गाडी आहे. चॅसिसवरचा सध्याचा क्रमांक अलीकडे ठोकलेला आहे आणि मूळ क्रमांकाचा पत्रा काढून टाकलेला आहे. आघाडीवरच्या सेवेला कोणताही आधार नाही. एका कुटुंबाकडे दीर्घकाळ असल्याचा दावा मात्र कागदाने आणि साक्षीने सिद्ध होतो.

‘खरी की खोटी’ एवढेच उत्तर खरेदीदारांना हवे होते आणि ते मी दिले नाही, म्हणून ते सुरुवातीला थोडे नाराज झाले. पण माझ्या मते अशा गाडीबद्दल एका शब्दाचा निकाल देणे हेच खोटे ठरते. कोणता भाग केव्हापासून आहे आणि ते कशावरून म्हणता येते, हे भागवार लिहिले की मगच किंमत ठरवता येते. इंजिन बदललेली, पण तसे सांगून विकलेली विलीस एमबी ही संग्राहकाच्या दृष्टीने आदराची गाडी आहे. तीच गाडी खोट्या क्रमांकामुळे आज कायद्याच्या दृष्टीने संशयित झाली आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकींना स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरता मर्यादित. धंद्यासाठी अजिबात नाही. नवी बॉडी बसवलेल्या आणि क्रमांक वादग्रस्त असलेल्या या जीपला तो क्रमांक मिळेल, असे आश्वासन कोणालाही देता येण्यासारखे नव्हते. मी खरेदीदारांना सांगितले की आहे त्या अवस्थेत ही गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये. विक्रेत्यांना आणि वारसांना, दोघांनाही, लेखी कळवले की क्रमांकाच्या जागी आता कोणीही घासणे, भरणे किंवा ठोकणे करू नये. पोलाद ठोकल्यावर त्याच्या आतली रचना दबते आणि पुसलेला क्रमांकही रासायनिक प्रक्रियेने पुन्हा दृश्य करता येतो. पण ते काम शासकीय न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेचे आहे, गॅरेजमध्ये आम्ल आणून करण्याचे नाही.

पुढे झाले ते असे. खरेदीदारांनी व्यवहार मोडला आणि इसार त्यांना दोन हप्त्यांत, दिवाळीनंतर परत मिळाला. पंच कोणी मारला, हे विक्रेत्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. वारसांशी त्यांची दोन-तीन वेळा बैठक झाली. गावातल्या दोन निवृत्त फौजींनी मध्यस्थी केली आणि जुना व्यवहार उलटवून, बॉडीच्या खर्चाचा काही भाग कुटुंबाने सोसून, माघात जीप गावी परत आली. नातवाने सुटकेचा कागद, माझा अभिप्राय आणि फोटो जोडून आरटीओकडे स्वतःहून अर्ज केला: चॅसिसवर आढळलेला क्रमांक आमच्या घराने ठोकलेला नाही, मूळ क्रमांक कागदात आहे, तपासणी करून नोंद दुरुस्त करावी. क्रमांकाची तज्ज्ञांकडून तपासणी झाल्याशिवाय नोंद बदलता येणार नाही, असे त्याला कळवण्यात आले आहे, आणि ते मला योग्यच वाटते. अर्ज अजून प्रलंबित आहे.

गाडी पुन्हा त्याच छपराखाली आहे. डाव्या पट्टीवरच्या तळहाताएवढ्या उघड्या जागेला रंग लावू नका, ती आहे तशी तपासणाऱ्याला दिसली पाहिजे, असे मी नातवाला सांगितले होते. त्याने तिथे ग्रीसचा पातळ थर देऊन वर आबांच्या जुन्या खाकी सदऱ्याचा तुकडा बांधून ठेवला आहे. दर महिन्याला तो कापड सोडतो, फोटो काढतो आणि पुन्हा बांधतो.